आबांना ‘कम्युनिस्ट टूर’ला न्यावं का? (क्राको, नोव्हा हूता)

उद्यमनगरची सून | १८ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. प्रश्न प्रवासाचा आहे, पण थोडा घरगुतीही आहे. सांभाळून घ्या.

आमचा मुलगा दोन वर्षं झाली पोलंडमध्ये क्राकोला नोकरीत आहे. सप्टेंबरअखेर मी, आमचे हे आणि सासरे असे तिघं पंधरा दिवस त्याच्याकडं जातोय. पोरानं हौसेनं रोजचा तक्ता करून पाठवलाय. त्यात एका दिवसापुढं लिहिलंय, ‘कम्युनिस्ट टूर, नोव्हा हूता, चालत, अडीच तास’. घोळ तिथंच आहे.

सासऱ्यांना सगळे आबाच म्हणतात. वय ७८. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीत छत्तीस वर्षं मोल्डर (ओतकामाचे साचे करणारे) होते आणि तेवढीच वर्षं लाल बावट्याचे. १ मेचं बिंदू चौकातलं झेंडावंदन त्यांनी कधी चुकवलेलं नाही. आमचा साखरपुडा नेमका १ मेला ठरला होता. तर हे झेंडा फडकवून, घोषणा देऊन साडेदहाला मांडवात आले, शर्टावर विळा-कणसाचा बिल्ला तसाच. माझे वडील अजून ती गोष्ट सांगतात. २०१५ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, तेव्हा आबा रात्रभर दवाखान्याबाहेर उभे होते. पुढं त्या खुनाच्या निषेधात निघणाऱ्या निर्भय मॉर्निंग वॉकलाही गुडघा साथ देत होता तोवर जात राहिले. म्हणजे चालत फिरण्याचा आणि लाल रंगाचा संबंध आमच्या घरी असा आहे.

आता त्या टूरच्या पानावरचे फोटो बघा. ट्राबांट (कम्युनिस्ट काळातली पूर्व जर्मनीची छोटी गाडी), व्होडकाचे पेले, लेनिनचं व्यंगचित्र. मुलगा म्हणतो, ‘आई, फन असतं गं.’ असेल. पण ज्या माणसानं आयुष्यभर एक गोष्ट खरी मानली, त्याला तीच गोष्ट पैसे देऊन चेष्टेत ऐकवायची? आणि खरं सांगायचं तर माझी दुसरी काळजी त्याहून मोठी आहे. आबा गाईडला सोडणार नाहीत.

कुणी ही टूर केली आहे का? चालणं किती होतं? आबांना आधी काही सांगून न्यावं, की पोटदुखीचं निमित्त काढून तो दिवस टाळावा?

---

तांबडा-पांढरा | १८ ऑगस्ट

ताई, मी २०१९ ला केलीय, ट्राबांटवाली. गाडीत मागं बसलो तर गुडघे कानाला लागत होते. गाईड पंचविशीतला, कम्युनिझम संपल्यावर जन्मलेला. पण विनोद असे सांगत होता की जणू रांगेत तोच उभा होता. आम्ही लई हसलो, खोटं बोलत नाही. पण आबांना घेऊन? नको. त्यांना रंकाळ्यावर भेळ खायला न्या आणि आम्ही क्राकोला गेलो होतो म्हणून सांगा.

एक मात्र आबांना आवडेल. ट्राबांटची बॉडी पत्र्याची नाही, कापसाच्या चिंध्या-चोथा आणि रेझिन दाबून केलेली आहे. मी टिचकी मारून बघितली, सुटकेसवर मारल्यासारखा आवाज येतो.

---

सरळ बोलणारा | १९ ऑगस्ट

न्याच. जगानं जे कधीच टाकून दिलं ते आपल्याकडं अजून झेंडे लावून चाललंय. डोळे उघडतील.

---

उद्यमनगरची सून | १९ ऑगस्ट

@सरळ बोलणारा, त्यांचे डोळे उघडेच आहेत, मोतीबिंदूसुद्धा काढून झालाय. मी टूरबद्दल विचारलं होतं.

---

क्राकोतला कराडकर | २० ऑगस्ट

मी इथं सात वर्षं आहे. पाहुणे आले की नोव्हा हूताला नेणं माझ्याकडंच असतं. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे टूर दोन जातीच्या असतात. एक ट्राबांट-व्होडकाची, तिचं वर्णन वर आलंच. दुसरी साधी, चालत, बहुतेक वेळा तिथंच वाढलेल्या माणसाबरोबर. मुलाला सांगा की नोंदणी करताना एकच प्रश्न विचार, ‘गाईड किंवा त्याच्या घरचं कुणी कारखान्यात होतं का?’ उत्तर हो आलं तर डोळे झाकून जा.

जागा काय आहे ते थोडक्यात. नोव्हा हूता म्हणजे ‘नवा पोलाद कारखाना’. १९४९ साली क्राकोच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर सुपीक शेतं मोडून हे गाव उभं करायला घेतलं. जवळ लोहखनिज नाही, कोळसा नाही. मग इथंच का? तर क्राको पडलं विद्यापीठाचं, पाद्र्यांचं, जुन्या घराण्यांचं शहर. त्याच्या उशाला कामगारांचं शहर आणून बसवायचं होतं, असं इथले लोक सांगतात. १९५४ ला लेनिनच्या नावाचा कारखाना सुरू झाला, भरभराटीच्या काळात अडतीस हजारांच्या घरात कामगार होते. गावाच्या नकाशात शाळा, पाळणाघरं, सिनेमा, दवाखाना सगळं होतं. चर्च तेवढं नव्हतं.

आणि गंमत अशी की सरकारशी पहिली मोठी मारामारी त्याच्यावरूनच झाली. चर्चच्या जागेवर लोकांनी लाकडी क्रॉस रोवला होता. २७ एप्रिल १९६० ला तो उपटायला माणसं आली आणि रस्त्यावर दंगल पेटली. बायका पुढं होत्या. शेवटी १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं खपून लोकांनी चर्च बांधलंच. पुढं पोप झालेले कार्डिनल व्हॉयतिवा यांनी त्याचं उद्घाटन केलं. त्याच चर्चजवळ १९८२ च्या ऑक्टोबरात कारखान्यातल्या वीस वर्षांच्या कामगाराला साध्या वेशातल्या सुरक्षा अधिकाऱ्यानं गोळी घातली. तिथं त्याचं स्मारक आहे. हे आबांना आधी सांगू नका, गाईडला सांगू दे.

चालण्याचं म्हणाल तर जमीन सपाट आहे, बाकं जागोजागी. मुख्य चौक आणि आजूबाजूची घरं चालत होतात. कारखान्याचं गेट दोनेक किलोमीटर लांब आहे, तिथं ४ नंबरच्या ट्राममधून जा. चर्च दुसऱ्या बाजूला, त्याला टॅक्सी करा. सप्टेंबरअखेर सकाळी चांगलाच गारठा असतो, कानटोपी घ्या.

आणि बिल्ला. कायद्याचं सोडा, पण इथल्या म्हाताऱ्या माणसांना विळा दिसला की काय काय आठवतं. आपल्याकडच्या विळा-कणसात हातोडा नसतो हे त्यांना कुठून कळणार? खिशात ठेवायला सांगा.

---

वळिवडेकर | २१ ऑगस्ट

ताई, एक वेगळाच धागा सांगतो. कोल्हापूरहून पोलंडला निघालाच आहात तर वळिवड्याचं नाव घेऊन जा.

१९४३ ते १९४८ आमच्या गावाशेजारी पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून त्यांना उचलून सायबेरियात, कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. घरातले बाप्ये पोलिश फौजेतून लढायला गेलेले. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. माझी आजी तिथं दूध घालायची. ‘गोऱ्या बायका, पण दुधाचा हिशेब आपल्यासारखाच भिंतीवर रेघा मारून ठेवायच्या,’ असं सांगायची. लढाई संपली तेव्हा त्यांच्या देशात कम्युनिस्टांचं राज्य आलेलं. बरेच जण परत गेलेच नाहीत, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे पांगले. त्यांच्या रिकाम्या बराकीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो तेच.

महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, २०१९ मध्ये वळिवड्यातही स्तंभ उभारला. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आबा बिंदू चौकात झेंडा लावत होते आणि त्याच झेंड्यापासून पळालेली माणसं आधी आपल्याच पंचगंगेचं पाणी पिऊन गेली होती. मी टोमणा मारत नाही. मला हे कधी नीट जुळवता आलेलं नाही, म्हणून लिहिलं.

---

उद्यमनगरची सून | २१ ऑगस्ट

सगळ्यांचे आभार. वळिवड्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि गांधीनगरला वर्षातून चार खेपा होतात! मुलाला ट्राबांट रद्द करायला लावलीय. आल्यावर सांगते.

---

उद्यमनगरची सून | १९ ऑक्टोबर

आलो परत. शब्द दिला होता म्हणून लिहिते, जरा लांबेल.

गाईड साठी ओलांडलेला, जाड मिशांचा, कमी बोलणारा. वडील १९५० साली खेड्यातून आलेले, हेच गाव बांधायच्या कामावर. हा स्वतः १९८० पासून कारखान्यात क्रेनवर. मुलगा मधे दुभाष्या. आबांनी हात मिळवला, त्याचा तळवा उलटा करून बघितला आणि मला म्हणाले, “काम केल्याला हाय.” अर्धी काळजी तिथंच मिटली.

मुख्य चौकात उतरल्यावर पहिलाच धक्का. चौकाला २००४ पासून रोनाल्ड रेगनचं नाव आहे. आबा म्हणाले, “कोण, तो अमेरिकेचा?” तोच म्हटल्यावर पाटीकडं पाठ करून बाकावर बसले आणि थर्मासमधला चहा काढला. गाईडलाही दिला. तो हसला, म्हणाला आम्ही अजून नुसता ‘मधला चौक’च म्हणतो.

मग घरं बघितली. मला वाटलं होतं राखाडी खुराडी असतील. तसं नाही. जुन्या भागातल्या इमारती दगडी कमानींच्या, आत मोठी अंगणं, दाट झाडं, अंगणातच शाळा आणि पाळणाघर. गाईड म्हणाला, आईनं इथं आल्यावर पहिल्यांदा नळाला गरम पाणी बघितलं आणि नळ बंदच करेना. आबांनी हे वाक्य मुलाकडून दोनदा भाषांतर करून घेतलं. आबांचं स्वतःचं अर्धं आयुष्य दहा बाय दहाच्या खोलीत गेलं, सहा माणसं आणि सार्वजनिक नळ. पुढं पाव तास ते एकटेच अंगणात फिरत होते. तळघरात बाँबहल्ल्यासाठी केलेले आसरे दाखवले, गावात असे अडीचशेच्या आसपास आहेत म्हणे. ते मी आणि ह्यांनीच बघितले, आबा खाली उतरले नाहीत.

गुलाबांचा रस्ता म्हणून एक आहे. तिथं १९७३ साली लेनिनचा मोठा पुतळा बसवला होता. १९७९ ला कुणीतरी पायाशी बाँब लावला, टाच उडाली. १९८९ च्या डिसेंबरात काढून नेला आणि पुढं स्वीडनमधल्या एका करमणूक बागेला विकला. त्यानंतर २०१४ मध्ये काही कलाकारांनी तिथंच लघवी करणारा हिरवागार लेनिन थोडे दिवस उभा केला होता. मी श्वास धरून उभी. गाईडनं फोटो दाखवला, पण हसवायला नाही. “असंही झालं,” एवढंच म्हणाला. आबांनी चष्मा वर करून नीट बघितला. मग विचारलं काय? “तेला विचार, पयला पुतळा ब्राँझचा व्हता का? वाळूत ओतला का मेणाचा साचा केला? जोड कुठं मारलेला?” गाईडला नाही सांगता आलं. आबांच्या मते हा गाईडचा एकमेव दोष.

पण दिवस खरा झाला तो कारखान्याच्या गेटवर.

त्या रस्त्याला पूर्वी लेनिनचं नाव होतं, आता सॉलिडॅरिटीचं, म्हणजे सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेचं आहे. गेटच्या दोन्ही बाजूंना राजवाड्यासारख्या कचेऱ्या, वर कंगोरे. लेनिनचं नाव १९९० ला गेलं. आबा गेटसमोर उभे राहिले, मान वर केली आणि नाकानं हवा ओढली. “वास न्हाई. भट्टी बंद हाय.” खरंच आहे, इथली झोतभट्टी २०२० पासून कायमची बंद. गाईडनं विचारलं, यांना कसं कळलं? आमचे हे म्हणाले, वडिलांना उद्यमनगरात डोळे बांधून सोडलं तरी कुठल्या फाउंड्रीत आज ओतकाम आहे ते सांगतील. मालक कोण म्हटल्यावर गाईड आमच्याकडं बोट दाखवून म्हणाला, “तुमचाच. मित्तल.” आबा आधी गप्प. मग असे हसले की ठसका लागला. “लेनिनचा कारखाना आपल्या राजस्थानच्या मित्तलनं घेतला व्हय!” अजून मधेच आठवून हसतात.

हसू ओसरल्यावर आबांनी कामाचं विचारायला घेतलं. पाळ्या किती, रजा किती, घराचं भाडं कोण भरायचं, अपघात झाला तर काय. तो सांगत होता. घर कारखान्याचं, डॉक्टर कारखान्याचा, सुट्टीला डोंगरात नेणारी बस कारखान्याची. आणि साखर १९७६ पासून कुपनावर, मटण १९८१ पासून कुपनावर. आबा म्हणाले, रेशन आमच्याकडंबी व्हतं. तो म्हणाला, तुमच्याकडं रेशनबद्दल मोर्चा काढता येत होता.

मग त्यानं १९८८ चं सांगितलं. २६ एप्रिलला पगारवाढीसाठी संप सुरू झाला, कामगार आत ठिय्या देऊन बसले. १ मेला बाहेर शहरात सरकारी कामगार दिन चाललेला आणि हे आत, बंद गेटामागं. ५ मेच्या पहाटे हत्यारी पोलीस आत घुसले आणि झोपलेल्या माणसांना बडवून काढलं. तो त्या रात्री आतच होता. कानामागची खूण दाखवली.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं आता भांडण. पण त्यांनी एवढंच विचारलं, “एक मेला? गेट आतनं बंद?” हो म्हटल्यावर काठीनं जमिनीवर रेघा ओढत बसले. आमच्या ह्यांना आठवतं, ते लहान असताना आबांच्या फाउंड्रीतही एकदा संप झाला होता, तिथंही गेटवर गाडी आली होती. तेव्हा आबा तीन दिवस घरी आले नव्हते. शेवटी आबा म्हणाले, “गेटवर पोलीस आणतोय तो मालक. मग त्याच्या टोपीवर काय बी असू दे.” मुलानं भाषांतर केलं. गाईडनं मान हलवली, पण पूर्ण पटल्यासारखी नाही. तो म्हणाला, मालक म्हणून दगड कुणाला मारायचा तेच कळत नव्हतं, कारण कागदावर मालक आम्हीच होतो.

यावर आबांकडं उत्तर नव्हतं. सून म्हणून अठ्ठावीस वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं.

शेवटी टॅक्सीनं चर्चला गेलो. भिंतींना बाहेरून नदीतले गोटे लावलेत, वीस लाख म्हणे. आत मेरीची एक मूर्ती आहे. इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत जखमी झालेल्या पोलिश सैनिकांच्या अंगातून काढलेल्या लोखंडाच्या तुकड्यांपासून घडवलेली. आबा देवळात जात नाहीत (जोतिबाला जातात, पण ‘बायकोच्या सोबतीला’), इथं मात्र मूर्तीपुढून हलेनात. मी मुलाला म्हटलं, आता वळिवड्याचं सांग. तिथं लढलेल्या फौजेतल्या कितीतरी जणांची बायका-पोरं आमच्या गावाशेजारी राहत होती, पाच वर्षं. गाईडला हे ठाऊक नव्हतं. त्यानं वही काढली आणि मुलाकडून अक्षरं विचारून ‘वळिवडे’ लिहून घेतलं. ‘ळ’ त्याला शेवटपर्यंत जमला नाही. @वळिवडेकर, तुमच्या आजीच्या भिंतीवरच्या रेघांचंही सांगितलं.

निघताना आबांनी खिशातून बिल्ला काढला. मला वाटलं, आता त्याला देणार. गाईडनं कणसावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. “आमच्याकडं शेतकरी जास्त,” आबा म्हणाले आणि बिल्ला परत खिशात ठेवला.

इकडं आल्यावर चहाच्या गाड्यावर सगळ्यांना काय सांगतात याकडं माझं लक्ष होतं. पहिले आठ दिवस फक्त गरम पाण्याचा नळ, अंगणातलं पाळणाघर आणि मित्तल. परवा पहिल्यांदा संपाचं सांगितलं. त्यावरून जोराची वादावादी झाली. त्यांचा चाळीस वर्षांपासूनचा एक दोस्त तेव्हापासून आमच्या दारावरून जातो आणि हाक मारत नाही. आबाही मारत नाहीत.

बाकी किरकोळ: चटणीचा डबा सामानातून सुखरूप गेला. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजी, आत बटाटा किंवा मटण. आबांनी त्यावर कांदा-लसूण चटणी भुरभुरून खाल्ली. कराडकर, कानटोपीबद्दल तुमचे उपकार.

---

तांबडा-पांढरा | १९ ऑक्टोबर

माझी भेळेची सूचना मागं घेतो.

ताई, एक विचारू? बाहेरची माणसं कोल्हापुरात आली की आपण अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि मिसळ दाखवतो. बिंदू चौकात फुले-आंबेडकरांचे पुतळे आहेत, १९५० मध्ये बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. ते कुणी बसवले, भाई माधवराव बागल कोण होते, हे माझ्या पोरांना मी सांगू शकत नाही. तिथून उद्यमनगरापर्यंत आबा आम्हाला चालवत नेतील का? आम्ही पाच-सहा जण आहोत. व्होडका मागणार नाही.

---

उद्यमनगरची सून | २० ऑक्टोबर

विचारलं. रविवारी सकाळी साडेसातला बिंदू चौक. गुडघ्यामुळं मधे दोनदा बसणार, त्याचा चहा तुमच्याकडून. पहिलं ओतकाम बघायचं असेल तर सुती कपडे घालून या, नायलॉन नको, ठिणगी उडते. आणि पावणेआठनंतर थांबणार नाहीत, हे दोनदा सांगायला सांगितलंय.